पहिल्या जागेवरचा माणूस

“मग त्यांच्या हातात काय होतं, बाबा? तेवढंच सांगा.”

अभिनंदननं हे तिसऱ्यांदा विचारलं.

बाबालाल दावं वळत बसले होते. एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दोन्ही तळव्यांत सुताचे पदर. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाच्या हातात?”

“दाजींच्या. मघापासून त्यांचंच तर सांगतोय.”

“मघापासून तू पत्त्यांचं सांगतोयस.”

या दोघांना समोरासमोर बसवलं मी, तेव्हा कोण कुणाचा कोण ते आधी सांगून टाकतो. मी अप्पा, बेदाण्याचा अडत्या. शाळा सातवीपर्यंत, त्यापुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. अभिनंदन मगदूम आणि त्याचे दाजी धन्यकुमार चौगुले, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, या दोघांचं आमच्या गावाबाहेर कोल्ड स्टोरेज आहे. निम्मी निम्मी भागी. माझा माल वीस वर्षं तिथंच पडत आलाय.

अभिनंदन हुशार. अडचण एवढीच, की हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

आणि बाबालाल म्हणजे पूर्वीचे बाबालाल हेडी. हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. ते आता राहतात त्या तकियाच्या, म्हणजे फकिराच्या जुन्या ठाण्याच्या समोर जो माळ आहे, तिथं पूर्वी मंगळवारी बैलबाजार भरायचा. आता भरत नाही. दगडी खुंट तेवढे उभे आहेत, रांगेनं, कुणीतरी परत येईल म्हणून थांबल्यासारखे. एक कबर, एक खोली, एक चिंच. बाबा कुणाकडून पैसे घेत नाहीत. चहापत्ती आणली तर ठेवून घेतात.

माझ्या वडिलांना त्यांनी एकदा बैल विकायला नकार दिला होता. म्हणाले, “बैलात खोट न्हाई, तुमच्या घाईत हाय.” वडील चिडले, दुसऱ्या हेड्याकडे गेले आणि लंगडा बैल घेऊन घरी आले. तेव्हापासून आमच्या घरात बाबालालचं नाव निघालं की आवाज खाली येतो.

म्हणून अभिनंदनला मी इथं आणलं. दुपारचे तीन वाजले असतील. पौषातलं आभाळ भरून आलेलं, ऊन नाही, वारा नाही. आमच्या द्राक्षाच्या मुलखात, पीक घालवणाऱ्या अशा हवेला माणसं मोठ्यानं बोलत नाहीत.

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाले. “हळू. मी बैलवाला माणूस.”

अभिनंदननं मांडी बदलली.

“पोकर म्हणतात त्याला. प्रत्येकाला दोन पानं, झाकलेली. मध्ये पाच पानं, उघडी, सगळ्यांची मिळून. पहिल्यांदा तीन उघडतात, मग एक, मग शेवटचं एक. दर वेळी एकेकानं बोलायचं. पास म्हणायचं, नाहीतर लावायचं. कुणी लावलं तर तेवढं भरायचं, नाहीतर वाढवायचं, नाहीतर पानं टाकून बाहेर पडायचं.”

“आधी कोण बोलतं?”

“वाटणाऱ्याच्या डावीकडचा. ती पहिली जागा. सगळ्यांत वाईट.”

“वाईट का?”

“त्याला काहीच माहीत नसतं ना. मागचे काय करणार, कुणाला जोर आहे, कुणाला नाही. तो आंधळ्यासारखा बोलतो. शेवटी बसलेला सगळ्यांचं ऐकून बोलतो. शेवटची जागा सोन्याची.”

“तू कुठं हुतास?”

“शेवटी.”

“आन दाजी?”

“पहिल्या जागेवर. म्हणजे त्या डावाला. जागा फिरत असते, बाबा. प्रत्येकावर येते.”

बाबांनी सुताला थुंकी लावली.

“शिकलास कुठं एवढं?”

“पुस्तकं वाचली. मोबाइलवर खेळतो. गोव्याला जाऊन आलोय तीनदा. दहा हजारांवर डाव झाले असतील.”

“दहा हजार डाव. आन माणसं किती बघितलीस?”

“मोबाइलवर माणसं दिसत नाहीत, बाबा.”

“ते बरंय,” बाबा म्हणाले.

मला हसू आलं. अभिनंदनला नाही.

तो पुढं सांगू लागला. मला ते नव्यानं ऐकायची गरज नव्हती, कारण त्या रविवारी दुपारी टेबलावर चौथा गडी मीच होतो. कोल्ड स्टोरेजच्या वरच्या खोलीत आम्ही चौघं बसतो. हे दोघं, दातांचे डॉक्टर बेळंके आणि मी. प्लास्टिकच्या चकत्या, पैसे नावाला. डॉक्टर आणि मी त्या डावात पहिल्याच फेरीला पानं टाकली होती. मी तर बहुतेक वेळा टाकतोच. चहा चांगला असतो म्हणून जातो.

“माझ्याकडे दोन राजे होते,” अभिनंदन म्हणाला. “मध्ये तिसरा उघडला. दाजी पास म्हणाले. मी लावलं, त्यांनी गुपचूप भरलं. चौथं पान उघडलं. पुन्हा पास. मी लावलं, त्यांनी भरलं. शेवटचं पान आलं बदामाची अठ्ठी. आता मध्ये तीन बदाम झाले. म्हणजे कुणाच्या हातात दोन बदाम असले, तर माझे तीन राजे मेले.”

“मंग?”

“दाजी तिसऱ्यांदा पास म्हणाले. मी लावलं. आणि मग...”

त्याचा हात खिशाकडे गेला.

“मग त्यांनी वाढवलं. समोरचं सगळं पुढं सरकवलं. वर खिशातून कोल्ड स्टोरेजची चावी काढली आणि चकत्यांवर ठेवली. म्हणाले, माझी भागी पण.”

ते मी पाहिलं होतं. चावीचा जुडगा जड आहे. तो ठेवल्यावर चकत्यांचा ढीग एका बाजूनं घसरला. मी चेष्टेत म्हटलं, “दाजी, वरून आता बेदाणा पण ओता.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग अभिनंदनकडे पाहत बसले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण चहावर साय धरली.

“आन तू काय केलंस?”

“मी विचार केला,” अभिनंदन म्हणाला. इथं त्याचा आवाज जरा वर आला. “पुस्तकात स्पष्ट आहे, बाबा. पहिल्या जागेवरचा माणूस सगळा डाव गप्प बसतो आणि शेवटच्या पानावर उसळून वाढवतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला मागच्याची भीती असायला पाहिजे. भीती असूनही वाढवतो, म्हणजे हातात खरं आहे. त्यात वर चावी. खोट्या पानांवर कोण चावी ठेवेल? म्हणून मी तीन राजे टाकले. तीन राजे. हे गोव्यातल्या माणसांना जमत नाही.”

“व्हय.”

“डॉक्टरसुद्धा म्हणाले, मानलं तुला.”

“मंग जिंकलं कोण?”

“दाजी.”

“ते काय म्हणाले?”

“काही नाही. आपली पानं न दाखवता गड्डीत सरकवली. उठले, चप्पल घातली, गेले.”

“आन जिंकलेला ढीग?”

“तिथंच आहे,” अभिनंदन म्हणाला.

“चावी?”

त्यानं खिशातून जुडगा काढून चटईवर ठेवला. “द्यायला दोनदा गेलो. अक्का दारात येते. म्हणते, आत भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवत नाहीत. आज आठ दिवस झाले.”

“तू आत गेलास?”

“दारातूनच हाक मारली.”

“काय म्हणालास?”

अभिनंदन माझ्याकडे बघायला लागला. मी चिंचेकडे बघायला लागलो.

“विचारलं, दाजी, बदाम होते का.”

बाबांचे तळवे थांबले. मग पुन्हा चालू झाले.

“मला कळायला पाहिजे, बाबा. त्यांच्याकडे बदाम असले तर मी बरोबर. नसले तर...”

“नसले तर?”

“तर मी फसलो. त्यांनी मला फसवलं.”

“फसवून काय नेलं त्यानं?”

“...काही नाही.”

“ढीग तिथंच. चावी तुझ्यापाशी. तो भिंतीकडं तोंड करून. तुझं काय गेलं?”

अभिनंदननं चटईवरच्या चावीकडे पाहिलं.

“तू त्याच्यासमोर पानं टाकली नसतीस, आन तो हरला असता, तर काय झालं असतं?”

“त्यांची भागी मला आली असती.”

“आन तो?”

“ते घरी बसले असते. मोकळे...”

शब्द तोंडातून गेला आणि तो त्याच्यामागं बघत राहिला.

दूर रस्त्यावरून द्राक्षाच्या क्रेटचा टेम्पो गेला. बाबांनी दाव्याला एक पीळ घातला, तो ओढून पाहिला, पसंत पडला नाही, सोडला.

“जागा फिरती म्हणालास.”

“हो.”

“घरात फिरती का?”

“म्हणजे?”

“गेली वीस वर्षं तुमच्यात आधी कोण बोलतं? शेतकऱ्याला भाडं कोण सांगतं?”

“दाजी.”

“त्यानं सांगितल्यावर शेतकरी कुरकुरतो. तवा तू येतोस.”

“हो. मी दहा टक्के कमी करतो. शेतकरी खूश होतो. आमची ती पद्धतच आहे, बाबा, ठरवलेली.”

“कुणी ठरवली?”

“...मी.”

“बँकेत आधी कोण बोलतं?”

“दाजी.”

“घरात आई आजारी हुती तुमची. आता बास, घरी न्या, असं डॉक्टरनं सांगितलं, तवा हो कोण म्हणालं?”

अभिनंदननं चमकून बाबांकडे पाहिलं. हे बाबांना कुठून ठाऊक, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मी सांगितलं होतं, आदल्या दिवशी एकटा येऊन, चहापत्तीबरोबर. व्यापारात माल देण्याआधी नमुना द्यावा लागतो.

“वैशाखात काय झालं?” बाबांनी विचारलं.

“ते अप्पांना ठाऊक आहे.”

“मी अप्पाला विचारत न्हाई.”

अभिनंदननं चटईची एक काडी उपटली.

“एक चेंबर बंद पडलं. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. आत तीन शेतकऱ्यांचा बेदाणा होता. पाझरला. काळा पडला. डबे फोडले तर गोळे.”

“मंग?”

“शेतकरी दारात आले. तीस-चाळीस माणसं. दाजी आधी बाहेर गेले.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, चूक माझी. मी बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही.”

“चूक कुणाची हुती?”

“मेकॅनिकनं फाल्गुनातच सांगितलं होतं, मशीन खोलावं लागेल,” अभिनंदन म्हणाला. “मी म्हटलं, हंगाम जाऊ दे.”

“दाजीला सांगितलंस?”

“नंतर सांगितलं. त्या दिवशी. ते बाहेर जायच्या आधी दोन मिनिटं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, तू आतच थांब.”

पुढचं मी सांगतो, कारण अभिनंदनला ते दिसलं नव्हतं. तो शेवटच्या जागेवर होता. त्या दिवसानंतर चौगुल्यांना बाजारात कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. चहाच्या टपरीवर ते आले की बाकावरची माणसं सरकून जागा करायची, जरा जास्तच सरकायची. एक पाटील होते, तीस वर्षांचा स्नेह, ते समोरून येताना मोबाइल कानाला लावायचे. मीही त्या हंगामात माझा निम्मा माल दुसरीकडे टाकला. दाजींना कळलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “अप्पा, तुम्ही बरोबर केलंत.” मला वाटलं, समजूतदार माणूस आहे. मी निर्धास्त झोपलो.

बाबांनी दावं बाजूला ठेवलं. खांद्यावरचा रुमाल काढला.

“हात दे.”

“कशाला?”

“आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हवतो. रुमालाखाली हात घालायचा. एक बोट धरलं तर एक, तीन धरली तर तीन. शेकडा का हजार, तेवढं तोंडानं सांगायचं. सगळा बाजार बघतोय, पर भाव दोघांनाच ठाऊक.”

“माहीत आहे, बाबा. ऐकलंय.”

“ऐकलंयस. हात दे.”

अभिनंदननं उजवा हात पुढं केला. बाबांनी दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

“मी तुझा दाजी. तू तूच. खेळ.”

मला फक्त कापड दिसत होतं. कापड सपाट राहिलं.

“हा पास,” अभिनंदन म्हणाला. त्याला थोडं हसू आलं. “आता मी एक लावतो.” कापड जरा हललं. “तुम्ही भरलंत.”

पुन्हा सपाट. पुन्हा थोडी हालचाल.

“आता शेवटचं पान,” बाबा म्हणाले.

“तुम्ही पास. मी दोन बोटं धरतो. आता तुम्ही...”

रुमाल एकदम आत ओढला गेला. अभिनंदनचा खांदा पुढं आला. पुढच्या क्षणी त्यानं हात झटकून बाहेर काढला. रुमाल चावीवर जाऊन पडला.

“हात का काढलास?”

“किती जोरात धरलंत.”

“भाव किती सांगितला मी?”

“पाच. म्हणजे सगळंच लावलंत.”

“बोटं मोजलीस?”

अभिनंदन आपल्या हाताकडे बघायला लागला. बोटांवर काही नव्हतं. वळ उमटले होते ते वर, मनगटावर.

“बोटं न्हवती,” तो म्हणाला. “मनगट धरलं होतंत.”

“मनगटाला भाव न्हाई,” बाबा म्हणाले. “कुठल्याच बाजारात.”

चिंचेवर कावळा बसला होता, तो उडाला नाही, ओरडला नाही. हवा तशीच दाटलेली.

“रावजी हाटकर म्हणून हेडी हुता,” बाबा म्हणाले. हे नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. “आमची जोडी सतरा वर्षं. त्या खुंटापाशी बसायचा तो, तिसऱ्या. गिऱ्हाइकाशी आधी तो बोलायचा, मी मागनं. मागनं बोलणारा शहाणा दिसतो. लोक म्हणायचे, बाबालाल शहाणा.”

अभिनंदन मनगट चोळत होता. थांबला.

“एका मंगळवारी तो विकणाऱ्याकडनं, मी घेणाऱ्याकडनं. रुमाल टाकला. त्यानं बोट धरलं न्हाई. मनगट धरलं. असं. मला वाटलं, रावज्या भाव चढवायला बघतोय, मला दाबतोय. मी हात झटकला. वर चार माणसांत हसलो. म्हटलं, आज ह्याला बोटं सापडंनात. सगळी हसली. रावजी पण हसला.”

“मग?”

“शुक्रवारी बैलं एकटीच घरी आली. वहाणा विहिरीच्या काठावर हुत्या. शेजारी शेजारी, नीट लावलेल्या.”

“त्यांना काय झालं होतं?” अभिनंदननं विचारलं. आता त्याचा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

“मला ठाऊक न्हाई.”

“पण सतरा वर्षांची जोडी...”

“मी कवा विचारलंच न्हाई. मी भाव विचारत हुतो.”

बाबांनी रुमाल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. चावी चटईवर तशीच राहिली. कुणीच तिला हात लावला नाही.

मग अभिनंदननं घसा खाकरला. माणूस वाईट ऐकून उठायच्या आधी स्वतःला काहीतरी बरं देतो, तसं तो बोलला.

“पण दाजींचं तसं नाही, बाबा. मघाशी सांगायचं राहिलं. सकाळी अक्काचा फोन आला होता. आज त्यांना बरं वाटतंय.”

“बरं म्हंजे?”

“उठले म्हणे. आठ दिवसांनी दाढी केली, अंघोळ केली. पांढरा सदरा मागितला. बस्तीत जाऊन देवाचं दर्शन घेऊन आले. पेजसुद्धा प्यायले. अक्का फोनवर रडत होती, आनंदानं.”

“आन?”

“आणि घरात सगळ्यांना जवळ बोलावलं. अक्काला, पोरींना, कामवाल्या बाईलासुद्धा. हात जोडून म्हणाले, काही चुकलं असेल तर क्षमा करा. मलाही निरोप दिलाय, अभिनंदनला सांगा, त्याच्याबद्दल मनात काही नाही. म्हणून तर मी जरा निवांत आलो. राग गेला त्यांचा.”

मी जैन नाही, लिंगायत आहे. पण चाळीस वर्षं या लोकांच्या शेजारी दुकान आहे. ते क्षमा मागतात, दर वर्षी, दारोदार जाऊन मागतात, माझ्याही दारात येतात. पण भाद्रपदात. पर्युषण संपलं की.

आता पौष चालू होता.

मी अभिनंदनकडे पाहिलं. ती गोष्ट त्याच्या घरची. माझ्याआधी त्याला कळायला हवी होती. तो अजून मनगट चोळत होता.

बाबा उठले. या वयात ते हात टेकल्याशिवाय उठत नाहीत. आज हात टेकला नाही. अर्धं वळलेलं दावं त्यांच्या पायात अडकलं, ते त्यांनी लाथेनं बाजूला केलं.

“अप्पा,” ते मला म्हणाले, “गाडी तू चालव. ह्याला चालवू देऊ नको.”

“कुठं जायचंय?” अभिनंदननं विचारलं.

“घरला. बहिणीच्या. फोन लाव तिला. म्हणावं, त्याच्याजवळ बस. पाण्याला सुदीक उठू नको.”

अभिनंदननं मोबाइल काढला. फोन लागला, वाजत राहिला. कुणी उचलला नाही. त्यानं पुन्हा लावला.

वाजत राहिला.

“देवळात असेल,” तो म्हणाला. “किंवा स्वयंपाकघरात... ती मोबाइल बाहेर विसरते.”

बाबांनी गाडीकडे बोट दाखवलं.

मी गाडी सुरू केली. तो दार उघडून आत बसला आणि पुन्हा अर्धा बाहेर आला. चेहरा राखेसारखा झालेला. तरी डोक्यात काहीतरी चालूच होतं, मला दिसत होतं. दहा हजार डावांची सवय एका दुपारी जात नाही.

“बाबा, कळलं मला,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी ते वाढवतील ना, तेव्हा मी पानं टाकणार नाही. कसलीही असोत. मी भरेन.”

बाबालाल गाडीच्या काचेशी आले. हात काचेवर ठेवला. त्यांचे डोळे अभिनंदनवर नव्हते. माळावर होते, खुंटांच्या रांगेवर.

“असं माणूस एकदाच वाढवतो.”